मुलाचा ताबा एकाकडे, प्रगतिपुस्तक दोघांना: नाशिकच्या पालकांनी माहिती कशी मागावी आणि कशी द्यावी

शाळेच्या फाटकावर होणारी बहुतेक भांडणं एकाच गैरसमजातून सुरू होतात. ताबा मिळालेल्याला वाटतं की आता दुसऱ्याचा काही संबंध उरला नाही. ताबा न मिळालेल्याला वाटतं की 'मी बाप आहे' किंवा 'मी आई आहे' एवढं म्हटलं की मुख्याध्यापकांनी कपाट उघडून सगळे कागद पुढे ठेवावेत. दोघंही चुकतात. ताब्याचा आदेश मूल कोणाकडे राहील हे ठरवतो. त्याने दुसऱ्याचं पालकपण पुसलं जात नाही. पण शाळा, दवाखाना आणि पासपोर्ट कार्यालय नातं बघून काम करत नाहीत, समोर ठेवलेला कागद बघून करतात.

खालचा क्रम मूल ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीही आहे आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठीही. क्रम मोडू नका. आधी शाळेत आरडाओरडा, मग पोलीस चौकी आणि शेवटी वकील, या उलट्या वाटेने गेलेलं प्रकरण नंतर सरळ करायला फार वेळ जातो.

## टप्पा १ : हातात नेमका कोणता कागद आहे?

'कोर्टाचा कागद' या एका नावाखाली लोक पाच वेगवेगळ्या गोष्टी घेऊन फिरतात.

कोणताच आदेश नाही. नवरा-बायको वेगळे राहतात, केस झालेली नाही किंवा नुसती दाखल झाली आहे. अशा वेळी दोघंही पालक आहेत. एकाचं ऐकून दुसऱ्याला माहिती बंद करण्याचा आधार शाळेकडे नसतो आणि एका पालकालाही दुसऱ्याच्या विरोधात तशी 'ऑर्डर' स्वतःच्या लेटरहेडवर काढता येत नाही. असले अर्ज शाळांकडे सर्रास येतात.

स्टॅम्पपेपरवरची फारकत. नोटरीचा शिक्का आहे, दोन साक्षीदार आहेत, 'मुलावर माझा हक्क राहणार नाही' असं लिहिलंय. हा न्यायालयाचा आदेश नाही. मुलाबाबतचे हक्क असे लिहून सोडता येत नाहीत, कारण न्यायालय मुलाचं हित बघतं, आईबापांचा करार नाही. असा कागद शाळेत देऊ नका, आणि दुसऱ्याने दिला म्हणून घाबरूनही जाऊ नका.

अंतरिम आदेश. केस चालू असतानाचा तात्पुरता ताबा किंवा भेटीची मुभा. पुढचा आदेश होईपर्यंत तो पूर्णपणे बंधनकारक असतो. 'तात्पुरता आहे, चालतं' असं म्हणून तो मोडणारे पुढच्या तारखेला अडचणीत येतात.

अंतिम आदेश किंवा तडजोड पुरसीसवर (दोघांनी सह्या करून न्यायालयात दिलेल्या तडजोडीच्या अटींवर) झालेला हुकूमनामा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात मुलाबाबतच्या अटी बहुधा पुरसीसमध्ये असतात आणि हुकूमनाम्यात फक्त 'पुरसीसप्रमाणे' एवढंच येतं. म्हणजे दोन्ही कागद लागतात.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश. २००५ च्या या कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलासाठी घातक वाटली तर ती नाकारूही शकतात. कलम १८ च्या संरक्षण आदेशात संपर्क साधायला बंदी असू शकते.

> सावधान: तुमच्याविरुद्ध संरक्षण आदेश असेल तर पुढचे टप्पे वकिलाला विचारल्याशिवाय उचलू नका. समोरच्या व्यक्तीला 'फक्त निकाल विचारायला' केलेला मेसेजसुद्धा आदेशाचा भंग ठरू शकतो. तुमच्या बाजूने असा आदेश असेल तर त्याची प्रत शाळेकडे सर्वांत आधी गेली पाहिजे.

## टप्पा २ : सही-शिक्क्याची नक्कल काढा

मोबाइलमधला फोटो, वकिलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत: घरी वाचायला हे सगळं ठीक. शाळेत किंवा पासपोर्टला नेताना प्रमाणित प्रत लागते. ज्या न्यायालयाने आदेश दिला त्याच्याच नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. नाशिक शहरातल्या बहुतेक ताबा-प्रकरणांसाठी ते कौटुंबिक न्यायालय असतं. हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर दंडाधिकाऱ्यांचं न्यायालय. मालेगाव, निफाड, सिन्नरकडचं प्रकरण असेल तर आदेश कुठल्या न्यायालयाचा आहे हे कागदाच्या मथळ्यावर बघून मगच सीबीएसची, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाची, बस पकडा.

अर्जात केस क्रमांक, दोन्ही पक्षांची नावं, आदेशाची तारीख आणि असेल तर निशाणी क्रमांक (केसमधल्या प्रत्येक अर्जाला न्यायालय देतं तो क्रमांक) लिहा. निशाणी क्रमांक न लिहिल्याने भलत्याच आदेशाची नक्कल हातात पडते. एकाच केसमध्ये पोटगीचा अंतरिम अर्ज वेगळा, भेटीचा वेगळा आणि सुट्टीतल्या ताब्याचा आणखी वेगळा असतो. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा ई-कोर्ट्सवरचा स्वतंत्र क्रमांक) हाताशी असेल तर शोधाशोध वाचते.

किमान दोन नकला काढा. एक घरी राहते, कोणाला म्हणजे कोणालाच द्यायची नाही. दुसरी दाखवायची आणि तिची झेरॉक्स द्यायची.

> तपासा: नकलेवर आदेशाची सगळी पानं आहेत ना? शेवटचं पान, म्हणजे जिथे प्रत्यक्ष 'आदेश' असा मथळा देऊन १, २, ३ कलमं लिहिलेली असतात, तेच झेरॉक्समध्ये राहून जातं.

## टप्पा ३ : आदेश वाचा, आणि तीन गोष्टी वेगळ्या करा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं या वाचनावर अवलंबून आहे.

माहिती मिळणं, विचारलं जाणं आणि निर्णय घेणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुलाला सहावीत किती गुण पडले हे कळणं ही माहिती. मुलाची शाळा बदलण्याआधी तुमचं मत घेतलं जाणं हा सल्ला. शाळा बदलायची की नाही हे ठरवणं हा निर्णय. एखाद्या आदेशात पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. एखाद्यात 'महत्त्वाचे निर्णय दोघांनी मिळून' असं असतं, पण माहिती कशी द्यायची याबद्दल चकार शब्द नसतो. 'भेटीचा हक्क' मिळालाय म्हणून शाळेतून मूल परस्पर घेऊन जाणं हा या तिन्हींपेक्षा वेगळाच, चौथा प्रकार आहे आणि तो स्पष्ट लिहिलेला नसेल तर तो हक्क नाही.

कायद्याची चौकट थोडक्यात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलं आहे. पण १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात सांगितलं की वडील मुलाकडे बघतच नसतील किंवा कारभार प्रत्यक्षात आईच पाहत असेल, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. त्याच कलमानुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे वैयक्तिक कायदे लागू होतात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली अर्ज मात्र कुठल्याही धर्माच्या व्यक्तीला करता येतो. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात तो करायचा, म्हणजे मूल नाशिकला आणि तुम्ही पुण्याला असाल तर खेटे तुम्हालाच घालावे लागणार.

आता आदेशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने पाच प्रश्नांची उत्तरं शोधा: मूल कोणाकडे? भेट कधी आणि कुठे? शाळेची माहिती कोण कोणाला देणार? आजारपणाची माहिती? कशाला मनाई? ज्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही त्यापुढे फुली मारा. आदेश त्या बाबतीत गप्प आहे, आणि गप्प असण्याचा अर्थ 'परवानगी' किंवा 'बंदी' यांपैकी काहीही आपल्या सोयीने लावायचा नाही.

> नेहमीची चूक: 'पोटगी देत नाही, मग निकाल कशाला दाखवू?' आणि उलट 'भेटू देत नाही, मग पैसे कशाला देऊ?' पोटगी आणि भेट यांची अशी सांगड न्यायालयं मान्य करत नाहीत. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करा. भेट अडली तर भेटीचा.

## टप्पा ४ : आदेश अजून व्हायचा असेल तर कलम नीट लिहून घ्या

ज्यांची पुरसीस अजून तयार होतेय ते भाग्यवान. इथे घातलेला अर्धा तास पुढची चार वर्षं वाचवतो. पुरसीस बहुतेक वेळा तारखेच्या आदल्या संध्याकाळी टाइप होते, त्यात पोटगीचा आकडा आणि दागिने यांवर सगळी घासाघीस होते, आणि मुलाच्या माहितीबद्दल एक गुळमुळीत वाक्य टाकून सह्या होतात:

*'वडिलांना मुलाच्या शिक्षणाबाबत माहिती देण्यात येईल.'*

कोण देणार? काय देणार? किती दिवसांत? कशावर? या वाक्याचा भंग झाला असं सिद्ध करणंच अशक्य आहे. त्याऐवजी असं लिहिता येतं:

*'प्रत्येक सत्र परीक्षेचा निकाल हाती आल्यापासून सात दिवसांत अर्जदार आईने त्याची प्रत सामनेवाल्यांच्या ई-मेलवर पाठवावी. शाळेच्या नोंदीत दोन्ही पालकांचे मोबाइल क्रमांक असावेत आणि शाळेने दोघांनाही निकाल, हजेरी व पालकसभेच्या सूचना द्याव्यात, यास दोन्ही पक्षांची हरकत नाही. या कलमाची प्रत शाळेस देता येईल. मुलास दवाखान्यात दाखल करावे लागल्यास मूल ज्यांच्याकडे असेल त्यांनी त्याच दिवशी फोनने व नंतर लेखी कळवावे. शाळा किंवा शहर बदलायचे असल्यास तीस दिवस आधी लेखी सूचना द्यावी.'*

'हरकत नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शाळा तुमच्या केसमध्ये पक्षकार नसते. तुम्ही दोघांनी आधीच ना-हरकत लिहून दिली की मुख्याध्यापकांना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही.

फोनवरचं बोलणंही लिहून घ्या. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्कही महत्त्वाचा मानला आणि ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं असं म्हटलं. आदेशात वेळ घाला: 'रोज रात्री आठ ते साडेआठ दरम्यान'. 'सोयीनुसार' लिहिलं की सोय कधीच होत नाही.

सणांच्या बाबतीत नाशिककरांनी एक गोष्ट आवर्जून बघावी. पुरसीसचा नमुना बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी केसमधला असतो आणि त्यात 'होळी' किंवा 'धुळवड' असतं. नाशिकमध्ये पोरं रंग खेळतात ते रंगपंचमीला. जुन्या नाशकात रहाडी (जमिनीतले रंगाचे जुने हौद) उघडतात त्या दिवशी मूल कोणाकडे, हाच खरा प्रश्न असतो. नमुन्यातल्या कलमाने तुम्हाला मिळतो तो शाळेला सुट्टी असलेला एक कोरडा दिवस. दिवाळीचंही तसंच. 'दिवाळी आईकडे' याने काही ठरत नाही. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज असं नाव घेऊन लिहा. भाऊबीजेला भाऊ-बहीण वेगवेगळ्या घरी असतील तर ते तर अगोदरच ठरवा. उन्हाळ्याची 'अर्धी सुट्टी' म्हणजे कुठला अर्धा भाग, आणि कोणत्या कॅलेंडरप्रमाणे? राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, सीबीएसईच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं. शाळेने छापलेलं सुट्ट्यांचं पत्रक आधार मानावं, असं लिहा आणि ते पत्रक कोणी कोणाला कधीपर्यंत पाठवायचं तेही लिहा.

जागेचंही नाव घ्या. 'नाशिक स्टेशनवर' म्हणजे नाशिक रोड, हे आपल्याला ठाऊक असतं, परगावच्या माणसाला नाही. 'मुंबई नाक्याला' म्हणजे उड्डाणपुलाच्या कुठल्या बाजूला? आणि २०२७ च्या सिंहस्थात, पर्वणीच्या दिवसांत, पंचवटीत किंवा गोदाघाटाजवळ मूल सोपवायचं ठरवू नका. रस्ते बंद असतील आणि दोघंही एकमेकांवर आदेश मोडल्याचा ठपका ठेवत बसाल.

> तपासा: कलम तिसऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याला 'कोणी, काय, कधीपर्यंत, कशावर' ही चारही उत्तरं देता आली नाहीत तर कलम पुन्हा लिहा.

## टप्पा ५ : आधी दुसऱ्या पालकाला लेखी विचारा

शाळेत जाण्याआधी ही पायरी ओलांडावीच लागते. उत्तर येणार नाही याची खात्री असली तरी विचारा. पुढे न्यायालय पहिला प्रश्न हाच करतं: मागितलं होतं का?

मार्ग एकच ठेवा, शक्यतो ई-मेल. व्हॉट्सॲपवर मागणी, टोमणे, जुने फोटो आणि सासूची तक्रार एकाच धाग्यात गुंतते आणि नंतर त्यातून मागणी शोधून काढावी लागते. मेसेज असा असावा:

*'चि. (मुलाचे नाव) ची प्रथम सत्राची परीक्षा झाली आहे. आदेशातील कलम ४ प्रमाणे निकालाची प्रत १५ तारखेपर्यंत या ई-मेलवर पाठवावी. पालकसभा कधी आहे तेही कळवावे.'*

एवढंच. 'तू नेहमीच' आणि 'कधीच नाही' हे शब्द आले की मेसेज खोडा. हा मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून लिहा, कारण खरोखरच वाचतील.

ज्याच्याकडे मूल आहे त्याच्यासाठी सल्ला याहून सोपा आहे: मागण्याची वाट पाहू नका. महिन्यातून एक मेल, त्यात निकाल असेल तर त्याचा फोटो, आजारपण असेल तर औषधाची चिठ्ठी, शाळेची एखादी सूचना. पाच मिनिटांचं काम. 'माहिती लपवली' हा आरोप या एका मेलने कायमचा मोडतो, आणि स्वतःच्या बाजूचा पुरावा आपोआप तयार होतो. माझ्या मते या सगळ्या लेखातला सर्वांत कमी खर्चाचा उपाय हाच आहे आणि सर्वांत कमी लोक तो करतात.

> सावधान: निरोप्या म्हणून मुलाला वापरू नका. 'पप्पांना सांग फी भर', 'मम्मीला विचार निकाल का दाखवला नाही' यातून माहिती पोचत नाही, मूल फक्त दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतं. मुलाला प्रश्न विचारून त्याचं रेकॉर्डिंग करणं त्याहून वाईट. असा पुरावा पुढे केला तर तो बहुधा करणाऱ्याच्याच अंगाशी येतो.

## टप्पा ६ : शाळेला अर्ज

आता शाळा. पालकसभेच्या गर्दीत किंवा शाळा सुटताना नको. कार्यालयाच्या वेळेत जा, एकटे जा; भाऊ, मेहुणे, मित्र यांना रिक्षा स्टँडवरही उभं करू नका.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, एका पानाचा. त्यात मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, तुमचं नातं, आदेशाची तारीख व कलम, आणि मागणी. मागणी मोजकी: प्रगतिपुस्तकाची प्रत, हजेरीचा तपशील, परीक्षेचं व सुट्ट्यांचं वेळापत्रक, पालकसभेची सूचना, शाळेच्या ॲपवर किंवा एसएमएस यादीत दुसरा क्रमांक म्हणून तुमचा मोबाइल. सोबत मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स, तुमचं ओळखपत्र, आणि आदेशाच्या फक्त संबंधित पानांची झेरॉक्स. अख्खा निकाल देऊ नका. त्यात तुमच्या संसाराची लक्तरं असतात आणि स्टाफरूमला त्याची गरज नाही.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' असं उत्तर आलं तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.

मागू नये अशा गोष्टींची यादी जास्त महत्त्वाची आहे. दुसऱ्या पालकाचा पत्ता, नवा मोबाइल क्रमांक, मुलाला न्यायला कोण येतं त्याचं नाव, फी कोणत्या खात्यातून भरली जाते: हे मुलाबद्दलचं नाही, तुमच्या माजी जोडीदाराबद्दलचं आहे. असला एक प्रश्न अर्जात असला की बाकीच्या चार रास्त मागण्यांवरही शंका येते. जनरल रजिस्टरमधलं (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीतलं) नाव किंवा आडनाव बदलण्याची मागणीही इथे घुसडू नका. ताबा मिळाला म्हणून ती नोंद बदलत नाही, तो पूर्ण वेगळा विषय आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल मोठा गैरसमज आहे. 'मला विचारल्याशिवाय दाखला देऊ नका' असा अर्ज अनेक वडील देतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा मूल दुसऱ्या गावी नेलं जाईल अशी खरी भीती असेल तर ती शाळेत बोलून उपयोग नाही. मनाईचा अर्ज न्यायालयात करा आणि झालेला आदेश शाळेला द्या.

आता मुख्याध्यापकांनाही चार शब्द, कारण हे लेख तेही वाचतात. दोन्ही पालक एकाच वेळी केबिनमध्ये बसवून समेट घडवायला जाऊ नका. प्रत्येकाकडून लेखी घ्या, आदेशाची प्रत फायलीत लावा, मनाई नसेल तर मुलाच्या प्रगतीची माहिती दोघांना सारखीच द्या. मूल कोणाच्या हाती सोपवायचं हा प्रश्न मात्र वेगळा ठेवा आणि आदेशाबाहेर एक पाऊलही टाकू नका.

> तपासा: वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आदेशाचा फोटो टाकण्याचा मोह होतोय? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार अशा कामकाजाचा मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे आणि त्याला दंडही आहे. शिवाय मुलाच्या वर्गमित्रांच्या आया तो वाचणार.

## टप्पा ७ : दवाखाना

इथे वेळ कमी असतो, म्हणून तयारी आधीच हवी. ताबा असलेल्याने लसीकरणाच्या कार्डाचा, रक्तगटाच्या अहवालाचा आणि ॲलर्जी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दुसऱ्या पालकाकडे देऊन ठेवावा. हा उपकार नाही; रविवारच्या भेटीत मूल त्याच्याकडे असताना ताप आला तर डॉक्टर हेच विचारणार आहेत.

रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात असा नियम डॉक्टरांच्या २००२ च्या व्यवसाय-आचार नियमांत आहे. मुलाच्या बाबतीत मागणारा म्हणजे पालक. मागणी लेखी करा, जन्मदाखला जोडा आणि कोणत्या तारखांचे कागद हवेत ते लिहा. तीन वर्षांपेक्षा जुन्या नोंदी ठेवण्याचं बंधन त्याच नियमांत नाही, त्यामुळे जुनं प्रकरण असेल तर उशीर करू नका.

तातडीच्या उपचाराला संमती मूल ज्याच्यासोबत आहे त्याने द्यायची आणि लगेच दुसऱ्याला कळवायचं. 'आधी त्याला फोन लागू दे' म्हणून ऑपरेशन थांबवणं आणि 'नंतर सांगू' म्हणून आठवडाभर गप्प बसणं, दोन्ही टोकं टाळा.

## टप्पा ८ : पासपोर्ट आणि आधार

मुलाच्या पासपोर्टसाठी दोघांची संमती असेल तर परिशिष्ट 'डी' आणि एका पालकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट 'सी' असं प्रतिज्ञापत्र लागतं. 'सी' मध्ये ताब्याची आणि केसची स्थिती खरी लिहा. चालू केस लपवून पासपोर्ट काढला तर पुढे ताब्याच्या केसमध्येच ते तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

मुलाच्या आधारला एकाच पालकाचा मोबाइल जोडलेला असतो आणि ओटीपी तिकडेच जातो. पाच आणि पंधरा वर्षांच्या वयात बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. ते कोण करून आणणार हे आधीच ठरवा. एवढं पुरे.

## टप्पा ९ : नकार आला तर

क्रम असा: स्मरणपत्र, मग वकिलाची नोटीस, मग न्यायालय. पोलीस या क्रमात नाहीत; प्रगतिपुस्तक मिळत नाही ही दखलपात्र तक्रार नव्हे. मूल बेपत्ता असेल किंवा मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबू नका.

न्यायालयात काय मागायचं हे फुलीवर अवलंबून आहे. टप्पा ३ मध्ये ज्या प्रश्नापुढे फुली पडली, म्हणजे आदेश गप्प आहे, तिथे आदेशात भर घालण्याचा अर्ज करा. कलम स्पष्ट असून समोरचा पाळत नाही, तिथे दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) किंवा अवमानाचा मार्ग. लोक रागाच्या भरात थेट अवमानाचा अर्ज करतात आणि न्यायालय म्हणतं की मुळात असं काही करायला सांगितलेलंच नव्हतं. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून रोझी जेकब प्रकरणात सांगितलेलं आहे. तेव्हा 'हुकूमनामा झाला, आता काही होत नाही' हे खरं नाही.

अर्जासोबत तारखांचा तक्ता लावा: कधी मागितलं, काय मागितलं, काय उत्तर आलं. ई-मेल आणि व्हॉट्सॲपच्या छापील प्रती द्यायच्या तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोन बदलताना जुना विकू नका किंवा गप्पा पुसू नका. प्रमाणपत्र कुठल्या उपकरणाबद्दल आहे हा प्रश्न येतो.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. माहितीच्या देवाणघेवाणीचे वाद तिथे सुटण्याची शक्यता खरोखर चांगली असते, कारण तिथे कोण बरोबर हे ठरवायचं नसतं, पुढच्या महिन्याचं वेळापत्रक ठरवायचं असतं. समुपदेशकांकडे जाताना कॅलेंडर घेऊन जा, तक्रारींची फाइल नको.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना सहसा उत्पन्नाचा दाखला लागतो. फोन १५१००. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणं हा तसाही आपोआप मिळणारा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे स्वतः बोलायची तयारी ठेवा. समोर उभं राहिल्यावर विचारलं जाईल ते एवढंच: कोणत्या कलमाप्रमाणे, काय हवंय, आणि किती दिवसांत. टप्पा ५ मधला मेल नीट लिहिला असेल तर उत्तर तोंडपाठ असेल.